परदेशी विद्यार्थी आणि गुंतवणूक बँकिंगमधील प्रवेश : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' अर्थात गुंतवणूक बँकिंग या क्षेत्राचे आकर्षण मोठे आहे. न्यूयॉर्क अथवा लंडन येथील विद्यापीठातून वित्त विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली की तेथील मोठ्या बँकेत नोकरी मिळते, असा समजही सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज पूर्णतः चुकीचा नाही. परंतु तो अपूर्ण आहे. या क्षेत्रातील प्रवेश ज्ञानाइतकाच भरतीच्या वेळापत्रकावर आणि त्या देशाच्या व्हिसाविषयक कायद्यावर अवलंबून असतो. ही माहिती विद्यार्थ्यास बहुधा परदेशात पोहोचल्यावर, म्हणजे कर्ज घेऊन झाल्यावर मिळते. ती त्याआधी मिळावी, यासाठी महाविद्यालयीन प्राध्यापकांना उपयुक्त ठरेल असे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गुंतवणूक बँकिंगचे स्वरूप

ठेवी स्वीकारणे व कर्जे देणे हे व्यापारी बँकेचे कार्य होय. गुंतवणूक बँक मुख्यतः दोन कामे करते. कंपन्यांना व शासनांना भाग अथवा रोखे विकून भांडवल उभारण्यास साहाय्य करणे हे पहिले, तर कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत व विलीनीकरणात सल्ला देणे हे दुसरे. अमेरिकेत १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ही दोन प्रकारची बँकिंग वेगळी केली होती. १९९९ मध्ये ती बंधने मोठ्या प्रमाणात उठली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात गोल्डमन सॅक्स व मॉर्गन स्टॅनली यांनी बँक होल्डिंग कंपनीचा दर्जा स्वीकारला.

हे कार्य समजावून देण्यासाठी भंडारा जिल्ह्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी 'मॉयल' या सार्वजनिक कंपनीच्या आहेत. नोव्हेंबर-डिसेंबर २०१० मध्ये या कंपनीच्या भागांची प्रथमच सार्वजनिक विक्री झाली. केंद्र शासनाने १० टक्के, तर महाराष्ट्र व मध्य प्रदेश शासनांनी प्रत्येकी ५ टक्के भाग विकले. प्रति भाग ३७५ रुपये हा दर ठरला. खाणीतील साठा, मँगनीजचे बाजारभाव व कंपनीचा नफा यांवरून भागाचे मूल्य अजमावणे, माहितीपत्रक तयार करणे, मोठ्या गुंतवणूकदारांची मागणी जमविणे आणि त्यावरून दर निश्चित करण्यास मदत करणे हेच गुंतवणूक बँकांचे काम होय. येथे एक बाब विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. ही विद्यमान भागांची विक्री असल्यामुळे मिळालेला पैसा कंपनीकडे न जाता शासनांकडे गेला. नवे भाग काढून भांडवल उभारणे आणि जुने भाग विकणे यांतील हा भेद मुलाखतीतही विचारला जाण्याजोगा आहे.

दोन उदाहरणे

परदेशी शिक्षण आणि वित्तव्यवसाय यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारी दोन उदाहरणे या संदर्भात पाहता येतील. दोन्ही उदाहरणांत विद्यापीठ एकच, कोलंबिया, आहे.

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, हे जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे राहावयास जागाही न मिळाल्याने ते मुंबईस आले. तेथे उपजीविकेसाठी त्यांनी समभाग व गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. त्यानंतर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अर्थशास्त्राच्या ज्ञानात उणीव नव्हती. दार बंद केले ते समाजाने. दुसऱ्याच्या पैशाविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय विश्वासावर चालतो आणि विश्वास कोणावर ठेवावयाचा हे समाजाचे पूर्वग्रह ठरवितात, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण विक्रम पंडित यांचे. १९५७ मध्ये नागपूर येथे जन्मलेले पंडित वयाच्या सोळाव्या वर्षी अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्यावर ते वित्त विषयाकडे वळले. १९८३ मध्ये ते मॉर्गन स्टॅनली येथे रुजू झाले आणि १९८६ मध्ये त्यांना वित्त विषयात डॉक्टरेट मिळाली. डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ या काळात ते सिटीग्रुपचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. त्यांचे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवले जाते. परंतु त्यातील एक भाग सहसा सांगितला जात नाही. २००८ च्या अरिष्टात सिटीग्रुपने अमेरिकी शासनाकडून ४५ अब्ज डॉलरचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी २००९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने असे साहाय्य घेणाऱ्या कंपन्यांवर एच-१बी व्हिसाधारक नेमण्यासंबंधी दोन वर्षांसाठी अतिरिक्त अटी घातल्या. म्हणजे नागपुरात जन्मलेली व्यक्ती ज्या बँकेच्या सर्वोच्च पदावर होती, त्याच बँकेत नव्या परदेशी पदवीधराचा प्रवेश त्या काळात अधिक कठीण झाला होता. एकाच्या यशावरून दुसऱ्याच्या संधीचे अनुमान करता येत नाही. प्रवेशाचे वर्ष आणि त्या वर्षीचा कायदा यांचाही विचार करावा लागतो.

भरतीचे वेळापत्रक

या बँकांत कनिष्ठ पदावरील नेमणुका प्रामुख्याने उन्हाळी प्रशिक्षणातून होतात. सुमारे दहा आठवड्यांच्या या प्रशिक्षणात काम समाधानकारक ठरल्यास कायम नोकरीचा प्रस्ताव दिला जातो. पदवीच्या विद्यार्थ्यास 'अ‍ॅनालिस्ट', तर एम.बी.ए. झालेल्यास 'असोसिएट' या पदावर घेतात.

अडचण वेळेची आहे. अमेरिकेत पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठीचे अर्ज दुसऱ्या वर्षीच मागविले जातात. दोन वर्षांच्या एम.बी.ए. अभ्यासक्रमात ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यासमोर सप्टेंबरपासूनच बँकांची सादरीकरणे सुरू होतात आणि हिवाळ्यात मुलाखती होतात. लंडनमध्ये पुढील उन्हाळ्याचे अर्ज साधारणतः आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीपासून स्वीकारले जातात.

याचा सर्वाधिक फटका एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास जाणाऱ्या विद्यार्थ्यास बसतो, आणि खर्च कमी असल्याने भारतीय विद्यार्थी बहुधा हाच अभ्यासक्रम निवडतात. त्यात प्रशिक्षणासाठी मधला उन्हाळा नसतो. सप्टेंबरअखेर वसतिगृहात सामान लावून विद्यार्थी चौकशीस लागतो, तेव्हा काही बँकांची अर्जाची मुदत संपत आलेली असते. ज्याने वित्तीय विवरणांचे विश्लेषण, कंपनीचे मूल्यांकन व संगणकीय तक्त्यावरील प्रतिमान यांची तयारी भारतातच केली आहे, तोच या वेळापत्रकात टिकू शकतो.

याशिवाय अर्जाच्या छाननीपूर्वी बँकेत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची भेट घेऊन त्यांच्याशी परिचय वाढविण्याची तेथे पद्धत आहे. तेथे ती वशिलेबाजी समजली जात नाही. मोठ्या शहरातील नामवंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास असे परिचय सहज उपलब्ध असतात. साकोली किंवा लाखांदूरच्या विद्यार्थ्यास ते शून्यापासून जमवावे लागतात. अनोळखी व्यक्तीस नेमके, थोडक्यात आणि आदरपूर्वक पत्र लिहिणे हे कौशल्यही म्हणून शिकवावे लागेल.

व्हिसाविषयक तरतुदी

अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यास पदवीनंतर १२ महिने काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमास २०१६ पासून आणखी २४ महिने मिळतात. वित्ताचा सर्वसाधारण अभ्यासक्रम या गटात असेलच असे नाही. वित्तीय गणित वा वित्तीय अभियांत्रिकी बहुधा असते. नावे सारखी भासली तरी विद्यापीठाने अभ्यासक्रमास दिलेल्या वर्गीकरण संकेतांकावर हा फरक ठरतो. प्रवेश घेण्यापूर्वी हा संकेतांक लेखी विचारून घ्यावा.

त्यापुढे एच-१बी व्हिसा आवश्यक असतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. मागणी अधिक असल्याने निवड सोडतीने होते. १२ महिन्यांची मुदत असलेल्यास सोडतीची एखादी, तर ३६ महिने असलेल्यास सुमारे तीन संधी मिळू शकतात. सप्टेंबर २०२५ मधील अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ब्रिटनमध्ये शिक्षणोत्तर कामाची मुभा २०१२ मध्ये बंद झाली, जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जदारांसाठी, डॉक्टरेट वगळता, ती १८ महिने करण्याचे ठरले. हे नियम किती वेगाने बदलतात, हे यावरून दिसते. अर्ज करतेवेळीचा नियम पदवी मिळेपर्यंत टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

बँकेच्या अर्जातच 'आता किंवा भविष्यात व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल काय' असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच द्यावे. ज्या बँका प्रायोजकत्व देत नाहीत त्या आरंभीच वगळल्याने वेळ वाचतो.

खर्च आणि तारण

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपुढील कर्जास मालमत्तेचे तारण मागितले जाते. परदेशी शिक्षणाचा खर्च याच्या कित्येक पट असतो. भंडारा हा धानाचा जिल्हा असून अनेक कुटुंबांची मुख्य मालमत्ता शेतजमीन हीच आहे. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ अन्वये शेतजमिनीवरील तारणास त्या कायद्याची वसुली लागू होत नाही. त्यामुळे अशा कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा अनुत्सुक असतात. परिणामी राहते घर गहाण ठेवणे किंवा शेतीचा तुकडा विकणे हे पर्याय उरतात. शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याजाची आकारणी चालूच असते. विद्यार्थ्याचा निर्णय चुकला तर त्याची किंमत आई-वडिलांना मोजावी लागते, हे विसरता येत नाही.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसह विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या घटकांचाही समावेश आहे. कोसा विणणाऱ्या व धानाच्या बांधीत राबणाऱ्या कुटुंबांच्या जिल्ह्यात ही तरतूद महत्त्वाची आहे.

मायदेशातील मार्ग

गुंतवणूक बँकिंगचा मार्ग परदेशातूनच जातो असे नाही. भारतात हा व्यवसाय सेबीच्या १९९२ च्या मर्चंट बँकर विनियमांखाली चालतो. मुंबईतील संस्थांत सनदी लेखापालांना व भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या पदवीधरांना प्रवेश मिळतो. अशी एक संस्था २०१५ पासून शेजारच्या नागपुरात आहे. मायदेशी दोन-तीन वर्षे अनुभव घेऊन नंतर परदेशी एम.बी.ए.ला जाणारा विद्यार्थी भरतीच्या वेळापत्रकाला अधिक सज्जतेने सामोरा जातो, कर्जाचा भारही काही अंशी हलका करू शकतो.

महाविद्यालयाची भूमिका

महाविद्यालयास दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मॉयल अथवा वरठी येथील सनफ्लॅग या भाग बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वापरून मूल्यांकनाचा सराव देणे. दुसरी, परदेशी प्रवेशासाठी शिफारसपत्र देण्यापूर्वी विद्यार्थ्याशी पुढील प्रश्नांवर चर्चा करणे : अभ्यासक्रमात प्रशिक्षणाचा उन्हाळा आहे काय? भरतीचे अर्ज कोणत्या महिन्यात सुरू होतात? पदवीनंतर काम करण्याची मुदत किती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परदेशात नोकरी न मिळाल्यास भारतातील पगारातून कर्जाचा हप्ता फेडता येईल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास शिष्यवृत्ती, स्वस्त अभ्यासक्रम किंवा मायदेशातील मार्ग यांचा विचार प्रथम व्हावा.

निष्कर्ष

परदेशी विद्यार्थ्याचा गुंतवणूक बँकिंगमधील प्रवेश गुणवत्ता, वेळ आणि कायदा या तिन्हींवर अवलंबून असतो. गुणवत्ता विद्यार्थी कमावू शकतो. कायदा त्याच्या हाती नाही. वेळ मात्र माहिती असेल तरच साधता येते. पूर्वग्रहामुळे दार बंद होण्याचा अनुभव शंभर वर्षांपूर्वी डॉ. आंबेडकरांसारख्या विद्वानास आला. आज केवळ माहितीअभावी ते दार एखाद्या गुणी विद्यार्थ्यास बंद राहत असेल, तर तो दोष दूर करणे प्राध्यापकांच्या आवाक्यात आहे. परदेशी जाण्यापासून परावृत्त करणे हा या चर्चेचा हेतू नाही. घर गहाण टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यास व पालकांस पूर्ण हिशेब कळावा, एवढीच अपेक्षा आहे.