पावसाळ्यातील दुचाकी आणि हेल्मेटची काच

मृग नक्षत्र लागले की मुळशी तालुक्याचे रूप पालटते. पुणे शहरातून पश्चिमेकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. ताम्हिणी घाटात तर जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. घाटाच्या मानाने नांदे परिसरातील पाऊस सौम्य असला, तरी नांदे येथून सूस, बालेवाडी, हिंजवडीकडे रोज दुचाकीने कामाला जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना हे चार महिने ओल्या रस्त्यावरच काढावे लागतात. या दिवसांत हेल्मेटची काच धूसर होते आणि पुढचे नीट दिसत नाही, ही सर्वांचीच तक्रार असते. मग कोणी काच वर करून गाडी चालवतो, तर कोणी हेल्मेटच काढून आरशाला अडकवतो. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, काच दोन बाजूंनी अंधूक होते आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. बाहेरच्या बाजूने पावसाचे थेंब व चिखल बसतो, तर आतल्या बाजूने आपल्याच श्वासाची वाफ धरते. पुष्कळ जण वाफ आत असताना काच बाहेरून पुसत राहतात. त्याचा काहीच उपयोग होत नाही.

नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाची व बाष्पाने भरलेली असते. पावसाने गार झालेल्या काचेला ती लागली की बाष्पाचे पाणी होते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाझर फुटावा, तसाच हा प्रकार आहे. या पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात आणि काच दुधाळ दिसू लागते. रात्री समोरच्या वाहनाचा दिवा त्यावर पडला की, क्षणभर काहीच दिसत नाही.

यावर घरगुती उपाय सोपा आहे. स्वच्छ केलेल्या काचेला आतून सौम्य शाम्पूचा किंवा भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब मऊ ओल्या फडक्याने पातळ पसरावा, वाळू द्यावा आणि काच पारदर्शक होईपर्यंत कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसावी. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. त्यामुळे थेंब न बनता पाण्याचा सपाट पापुद्रा तयार होतो आणि त्यातून आरपार दिसते. साबण जास्त झाल्यास तो ओघळून डोळ्यांत जातो, हे लक्षात ठेवावे. काही दिवसांनी हा उपाय पुन्हा करावा लागतो. काचेवर कारखान्यातच वाफरोधक लेप दिलेला असेल, तर मात्र साबण लावू नये. काही हेल्मेटांच्या काचेला आतून दुसरी पातळ काच बसवता येते. दोन काचांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे आतली काच गार पडत नाही आणि वाफ धरत नाही.

हवा खेळती राहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. हेल्मेटला हनुवटीपाशी व माथ्यावर असलेली छिद्रे उघडी ठेवावीत. सिग्नलला गाडी थांबली की वारा थांबतो आणि वाफ सर्वांत जास्त धरते. अशा वेळी काच थोडी उचलावी व निघताना खाली करावी. आपल्याकडे तोंडाला रुमाल किंवा स्कार्फ बांधण्याची पद्धत आहे. तो नाकावर घट्ट असला की श्वास वर ढकलला जातो आणि आधी चष्मा, मग काच धूसर होते. तो सैल बांधावा, ओला झाल्यास बदलावा. हेल्मेटचे आतले अस्तरही रात्री पंख्याखाली वाळवावे, कारण ओले अस्तर स्वतःच बाष्प सोडत राहते.

बाहेरच्या बाजूसाठी काच मुळात निर्मळ हवी. या काचा बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांवर सहज ओरखडे पडतात. वाळलेला चिखल कोरड्या कापडाने कधीही घासू नये. त्यावर दहा मिनिटे ओले फडके ठेवावे, मग साध्या पाण्याने धुवावे. पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा अमोनिया असलेले द्रावण वापरू नये. त्यांनी काच पांढुरकी पडते वा तडकते. ओरखडे पडलेली काच रात्री प्रत्येक दिव्याभोवती किरणांचे जाळे उभे करते. ती बदलणेच योग्य. काळी काच तर पावसाळी संध्याकाळी टाळावीच.

दुचाकीच्या हँडलवर पुढची काच बसवलेली असेल, तर तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असावी. ओल्या काचेतून पाहण्यापेक्षा तिच्या वरून पाहणे सुरक्षित असते, कारण ती पुसायला मोटारीसारखे वायपर नसतात.

हेल्मेट हे केवळ दंड टाळण्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार ते नीट बांधलेले असणे आवश्यक आहे, आणि १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह असलेलीच दुचाकीची हेल्मेटे विकण्यास परवानगी आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. दोन सेकंद काच पुसण्यात गेले, तर २२ मीटर रस्ता आपण न पाहताच ओलांडतो. पाण्याने भरलेला खड्डा त्यातच असू शकतो.

इतके करूनही दिसेनासे झाले, तर वेग हळूहळू कमी करून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे. पुलाखाली वाहतुकीच्या वाटेतच घोळका करून उभे राहू नये. दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. घरची माणसे आपली वाट पाहत असतात, हे विसरू नये.