अपत्यप्राप्ती आणि पुरुषाची तपासणी

विवाहानंतर काही वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे प्रथम सुनेला दवाखान्यात आणले जाते. सोबत सासू असते, एखादी नणंद असते. पती बहुधा बाहेर फाटकापाशी उभा असतो, किंवा आलेलाच नसतो. पिशवीत सोनोग्राफीचे, रक्ताचे, गर्भनलिकांच्या क्ष-किरण तपासणीचे अहवाल असतात. पतीच्या नावाचा कागद मात्र त्यात क्वचितच सापडतो. हा अनुभव नंदुरबार, शहादा, तळोद्यातच नव्हे, तर मोठ्या शहरांतील डॉक्टरांनाही येतो. वस्तुतः अपत्यहीन दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील दोष, एकटा अथवा पत्नीकडील दोषासह, कारणीभूत असतो. शिवाय पुरुषाची पहिली तपासणी ही या सर्व तपासण्यांत सर्वांत सोपी, कमी खर्चाची व वेदनारहित आहे.

गोठ्यातील न्याय आपल्या जिल्ह्यातील पशुपालकाला चांगला ठाऊक आहे. कृत्रिम रेतनासाठी येणारी गोठित रेतमात्रा म्हणजे उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली बारीक नळी. तिच्यात साधारण २ कोटी शुक्राणू असतात. वळूचे रेत गोठविण्यापूर्वी व पुन्हा द्रवरूप केल्यानंतर त्यातील शुक्राणूंची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. ती समाधानकारक नसेल तर तो साठा बाद होतो. गाय वारंवार उलटली तर शेतकरी गायीइतकीच रेतमात्रेविषयीही शंका घेतो. घरातील माणसांच्या बाबतीत मात्र ही चौकशी एकाच बाजूने सुरू होते व पुष्कळदा तेथेच संपते. त्यात वर्षे जातात, पत्नीचे वय वाढते, आणि दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होतात.

शुक्राणू प्रथम सूक्ष्मदर्शकातून पाहिले गेले ते १६७७ साली, हॉलंडमधील लेव्हेनहूक यांच्या हातून. मानवी शुक्राणूची एकूण लांबी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकी. चपट्या, अंडाकृती डोक्यात पित्याची गुणसूत्रे घट्ट बांधलेली असतात व त्यावर स्त्रीबीजाचे आवरण भेदण्यास उपयोगी अशा द्रव्यांची टोपी असते. त्यामागील मानेच्या भागात ऊर्जा निर्माण करणारे कण असतात आणि मग लांब शेपटी. शरीरातील अन्य पेशी २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे बाळगतात. शुक्राणू त्यातील निम्मीच, २३, घेऊन निघतो. या निम्मेपणाचे महत्त्व पुढे सिकलसेलच्या संदर्भात दिसून येईल.

वृषणातील मूळ पेशीपासून शुक्राणू घडण्यास सुमारे ६४ ते ७४ दिवस लागतात. तेथून बाहेर पडलेला शुक्राणू दिसायला पूर्ण असला तरी त्याला पोहता येत नाही. वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषण नामक नळीतून, जी उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल, आणखी काही दिवस प्रवास केल्यावर त्याला ती शक्ती लाभते. एवढ्यानेही तो फलनास सिद्ध होत नाही. त्याची अखेरची तयारी स्त्रीच्या शरीरातच होते, हे १९५१ साली चँग व ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. सारांश, आज तपासलेले वीर्य हे गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असते. मलेरियाचा किंवा अन्य तीव्र ताप येऊन गेला असेल, तर त्यानंतर काही आठवडे संख्या घटलेली दिसते व पुढे बहुधा आपोआप सुधारते. अशा वेळी एका अहवालावर कोणताही निष्कर्ष काढू नये.

ही घडण शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमानात उत्तम होते; म्हणूनच माणूस, बैल, बोकड यांचे वृषण पोटाबाहेर पिशवीत असतात. (हत्तीचे मात्र पोटातच असतात आणि तरीही त्याचे काही अडत नाही, निसर्ग सर्वांना एकच नियम लावीत नाही.) जन्मतः मुलाचा वृषण खाली उतरलेला नसेल व सहा महिन्यांपर्यंत उतरला नाही, तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दीड वर्षात व्हावी. आई-वडिलांनी ही गोष्ट लाजेने लांबवू नये. वीटभट्टीवर दीर्घकाळ आचेजवळ काम करणाऱ्यांनी, तंबाखू व मद्य घेणाऱ्यांनी, तसेच मिरची-कापसावर औषध फवारणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी हे आवर्जून सांगावे.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. पहिला, वीर्य दाट म्हणजे दोष नाही, हा. वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. शुक्राणूंचा वाटा शंभरात फार तर चार-पाच. डोळ्यांना उत्तम दिसणाऱ्या वीर्यात एकही शुक्राणू नसणे शक्य आहे. दुसरा, पौरुष म्हणजेच प्रजननक्षमता, हा. शरीरसंबंधात कोणतीही अडचण नसलेल्या पुरुषातही दोष असू शकतो. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा संदेश थांबतो व शुक्राणूंची निर्मिती बंद पडू शकते. ‘ताकदीची सुई’ घेऊन अपत्याची वाट पाहणारा तरुण नेमके उलटे करीत असतो. या विषयावर मराठीत उघडपणे लिहिण्याचे धैर्य र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून दाखविले होते. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही संकोच पुरता गेलेला नाही.

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा व नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार किमान संदर्भमूल्ये अशी : दर मिलिलिटरला १ कोटी ६० लक्ष शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लक्ष, आणि त्यांपैकी शेकडा ४२ हालचाल करणारे. वर्षभरात पत्नीला गर्भधारणा झालेल्या पुरुषांतील तळाच्या शेकडा पाचांची ही सीमा आहे. म्हणून आकडा थोडा खाली आला म्हणजे आशा संपली असे नव्हे, आणि वर असला म्हणजे खात्री असेही नव्हे. दोष आढळल्यास तपासणी पुन्हा करतात. शुक्राणू मुळीच नसले तरी मार्ग अडला आहे की निर्मितीच होत नाही, हे पाहावे लागते. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये यशस्वी झालेल्या, एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीने अशा अनेक पुरुषांनाही पितृत्व लाभले आहे. हे उपचार मोठ्या शहरांत व खर्चिक आहेत. केंद्र २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत आहे ना, हे अवश्य पाहावे.

आता आपल्या जिल्ह्याच्या विशेष प्रश्नाकडे वळू. भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा दोष अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. वाहक पुरुषाच्या निम्म्या शुक्राणूंत तो जातो. रुग्णाच्या प्रत्येक शुक्राणूत. म्हणून पती-पत्नी दोघे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याची शक्यता चारात एक असते. पती रुग्ण व पत्नी निर्दोष असल्यास सर्व अपत्ये वाहक होतात, रुग्ण एकही नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीनंतर कार्ड दिले जाते. विवाह ठरविताना पत्रिकेआधी ही कार्डे पाहावीत.

या रोगाचा परिणाम पितृत्वाच्या क्षमतेवरही होतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात व वृषणांना इजा पोहोचू शकते. काही रुग्ण मुलांत व तरुणांत इच्छेविना इंद्रियाला तासन्‌तास वेदनादायक ताठरता येते. लाजेपोटी ती आईलाही सांगितली जात नाही. चार तासांहून अधिक टिकल्यास कायमचे नपुंसकत्व येऊ शकते. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांना जीवदान ठरले आहे. मात्र त्याने शुक्राणूंची संख्या घटते. औषध थांबविल्यावर पुष्कळांत ती सुधारते, सर्वांत नव्हे. म्हणून प्रौढ तरुणाला हे औषध सुरू करण्यापूर्वी एकदा वीर्यतपासणी करून घेणे उचित. आवश्यक वाटल्यास शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांतील केंद्रांत आहे. अपत्याचा विचार असल्यास डॉक्टरांशी आधी बोलावे. सामान्यतः किमान तीन महिने आधी औषध थांबविण्याचा विचार केला जातो, कारण नव्या शुक्राणूंची घडण तेवढ्या काळात पुरी होते. परंतु गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. झटका जिवावर बेतू शकतो. तपासणीस येताना पती-पत्नी दोघांनी सिकलसेल कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने सर्व अहवाल सोबत आणावेत.