आधी शरीर, मग वल्हे

मुळशीच्या धरणाखालून वाहत येणारी मुळा पुण्याजवळ पोहोचते, तेव्हा तिला नौकानयनाची एक जुनी परंपरा भेटते. संगमाजवळील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात तर देशातील अव्वल नौकानयनपटू तयार होतात. तेव्हा मुळशीतील एखाद्या शाळकरी मुलाला वल्हे हाती घ्यावेसे वाटले, तर त्याच्या शरीराची तयारी कशी करावी, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

याबाबत दोन मते आहेत. वल्हविण्याशी मिळताजुळता व्यायामच करावा, असे एक पक्ष म्हणतो; दुसरा सर्वांगीण बलसंवर्धनाचा आग्रह धरतो. पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे नव्हे. 2000 मीटरच्या शर्यतीत दोनशेहून अधिक वेळा वल्हे ओढावे लागते. जोर मुख्यतः पायांतून निघतो आणि पाठीवाटे हातांपर्यंत पोहोचतो. हा मेळ पाण्यावरच साधतो. नुसते दंड फुगवून नाव वेगाने धावत नाही.

परंतु वाढत्या वयात एवढ्यावर भागत नाही. नौकानयनात सतत ओढण्याचीच क्रिया घडते. ढकलण्याचे स्नायू मागे पडतात. एकाच बाजूस वल्हे असेल, तर शरीरही एकांगी होऊ लागते. या खेळाडूंमध्ये कंबरदुखी विशेष आढळते. अशा पाठीवर व्यायामातही पुन्हा तोच ताण लादणे शहाणपणाचे नाही.

येथे मुळशीची तालीम उपयोगी पडेल. बैठकांनी पाय, जोरांनी छाती व खांदे, तर मल्लखांबाने पकड व पाठ घडते. मात्र आकड्यांच्या हव्यासाने बैठका काढणे घातकच. शुद्ध ठेवण, बेताचे वजन आणि जाणत्याची देखरेख या तिन्ही गोष्टी हव्यात.

नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ तरुणपणी वडिलांबरोबर विहिरी खोदत. 2012 मध्ये ते लष्करात दाखल झाले आणि तेथेच नौकानयनाकडे वळले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते तेरावे आले. 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ते सुवर्णपदक विजेत्या चमूत होते. एका उदाहरणाने सिद्धांत ठरत नाही, हे खरे. पण वल्हे उशिरा हाती आले म्हणून सारे संपत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

म्हणून शाळांनी व प्रशिक्षकांनी प्रारंभीची वर्षे सर्वांगीण व्यायामास द्यावीत, नावेवर तंत्र शिकवावे आणि विशेष बलसाधनेचा वाटा वयानुसार वाढवावा. कुमार गटातील पदक एका हंगामाचे असते. पाठ मात्र जन्मभर वापरायची असते.