मनगटातला बोळ

रात्री झोपेत हाताला मुंग्या येतात. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र चांगली राहते. हात झटकला की जरा बरे वाटते. पुष्कळ जण म्हणतात, "वात आहे, जाईल आपोआप." पण दरवेळी तो वात नसतो. मनगटात एक शीर दबलेली असते. या दुखण्याला डॉक्टर 'कार्पल टनेल' म्हणतात.

आपले मनगट आतून कसे आहे ते पाहू. तेथे आठ लहान हाडे आहेत. ती कमानीसारखी मांडलेली आहेत. धनुष्याच्या दोन टोकांना दोरी बांधतात ना? तशी या कमानीच्या दोन टोकांना एक जाड, चिवट पट्टी बांधलेली असते. हाडे आणि पट्टी यांच्यामध्ये एक अरुंद बोळ तयार होतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ दोर जातात. त्यांना कंडरा म्हणतात. त्यांच्या सोबत एक मज्जातंतू जातो. हीच ती शीर. ही रक्ताची शीर नव्हे. स्पर्श कळवणारी ही शीर आहे. कंडरा चिवट, शीर नाजूक. बोळात दाटी झाली की मार बसतो तो शिरेला.

दाटी कशाने होते? मनगट वाकवून, मूठ आवळून तेच ते काम केल्याने त्रास वाढतो. मधुमेह, थायरॉईडचे दुखणे, गरोदरपण यांतही तो होतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो अधिक होतो.

1981 साली अमेरिकेत डॉक्टरांनी बोळातला दाब मोजला. रक्तदाब मोजतात त्याच मापाने तो मोजला. निरोगी हातात तो सरासरी अडीच निघाला. दुखणाऱ्या हातात 32 निघाला. दुखणारे मनगट पूर्ण वाकवले तेव्हा तो 94 वर गेला! झोपेत मनगट वाकते, म्हणून रात्री त्रास जास्त. म्हणूनच डॉक्टर प्रथम रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात. कधी इंजेक्शनही देतात.

एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया करतात. बहुधा फक्त हात बधिर करतात. तळहाताच्या मुळाशी छेद घेऊन ती चिवट पट्टी कापतात. धनुष्याची दोरी कापली की धनुष्य उघडते. तशी कमान किंचित रुंदावते. बोळात सुमारे पाव हिस्सा जागा वाढते. शीर मोकळी होते. रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

आता लोक आम्हांस विचारतात, "पट्टी कापली तर हात लुळा नाही का पडणार?" प्रश्न रास्त आहे. पट्टीला काम आहेच. पूर्वी विहिरीवर मोट असे. तिचा नाडा चाकावरून जाई, म्हणून जोर नीट लागे. ही पट्टी कंडरांना तसेच वळण देते. अंगठ्याचे व करंगळीचे काही स्नायूही तिला धरून असतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पकड काही दिवस ढिली पडते. तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दुखते. पण कापलेल्या जागी नवी ऊती भरते. पट्टी पुन्हा जुळते, मात्र पहिल्यापेक्षा लांब होऊन. बहुतेकांची पकड सुमारे तीन महिन्यांत पूर्वीसारखी होते. तोवर बोटे हलवत राहावे. जड ओझे, कुऱ्हाड, टिकाव मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच धरावे.

खरे भय शस्त्रक्रियेचे नाही, उशिराचे आहे. शीर फार काळ दबली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होतो. सुई धरता येत नाही, सदऱ्याची गुंडी लागत नाही. मग पट्टी कापूनही गेलेली ताकद पुरती परत येईलच असे नाही.

मुंग्या मानेच्या दुखण्यानेही येतात. म्हणून आपणच निदान करू नये. दोन्ही हात शेजारी ठेवून अंगठ्यांची बुडे पाहा. एक बूड खोलगट दिसले, किंवा मुंग्या वरचेवर येऊ लागल्या, तर सरळ दवाखाना गाठा. हातावर आपले पोट आहे. त्याची हेळसांड करू नका.