अमेरिकेतले मार्चमधले टॉर्नेडो इतके जीव का घेतात? वाऱ्यापेक्षा वेळ आणि घर महत्त्वाचं

२०२५ साली आपल्याकडे धुळवड खेळली जात होती, त्याच १४ मार्चपासून अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात टॉर्नेडोंनी धुमाकूळ घातला. तीन दिवसांत शंभरहून जास्त टॉर्नेडो झाले. त्याच वादळाच्या वाऱ्याने कॅन्सस राज्यात धुळीचे लोट उठून महामार्गावर गाड्या एकमेकींवर आदळल्या, ओक्लाहोमात वणवे पेटले. सगळं मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली.

अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टॉर्नेडो होतात आणि त्यांचा खरा हंगाम मे महिन्याचा. मार्चमध्ये संख्या बरीच कमी असते. तरी तिथल्या मोठ्या जीवितहानीच्या घटना काढून बघितल्या, तर मार्चच्या तारखा सारख्या समोर येतात. हे असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात वाऱ्याचा जोर जेवढा आहे, तेवढाच वेळेचा आणि घराच्या बांधणीचा भाग आहे.

वावटळ नाही, चक्रीवादळही नाही

आपल्याकडे मोबाइलवर टॉर्नेडोचे व्हिडिओ 'चक्रीवादळ' म्हणून फिरतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि चार दिवस आधी त्याची बातमी लागते. टॉर्नेडो म्हणजे मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीला टेकलेला फिरता वारा, हत्तीच्या सोंडेसारखा. रुंदी बहुतेक वेळा काहीशे मीटर, आयुष्य बऱ्याचदा दहा मिनिटांच्या आतलं. उन्हाळ्यात शेतात पाचोळा उडवणारी वावटळ दिसायला त्याची धाकटी बहीण वाटेल, पण ती तापलेल्या जमिनीतून उठते. तिला वरच्या ढगाची गरज नसते आणि तिच्यात तेवढी ताकदही नसते.

टॉर्नेडो घडायला तीन-चार गोष्टी जुळाव्या लागतात. मेक्सिकोच्या आखातातून वर येणारी उबदार, दमट हवा. तिच्यावर पश्चिमेच्या रॉकी पर्वताकडून आलेली कोरडी हवा. आणि खूप उंचावर वाहणारा जोरदार वारा, म्हणजे जेट प्रवाह. जमिनीजवळ वारा दक्षिणेकडून आणि वर पश्चिमेकडून, तोही दुप्पट-तिप्पट वेगाने, असं झालं की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढग तिला उभं करतो. असा स्वतःभोवती फिरणारा ढग म्हणजे 'सुपरसेल'. प्रत्येक सुपरसेलमधून टॉर्नेडो पडत नाही; पण मोठे टॉर्नेडो जवळपास सगळे यातूनच येतात.

मार्चमध्ये उत्तरेकडची थंडी गेलेली नसते, म्हणून जेट प्रवाह अजून दक्षिणेकडे आणि जोरात असतो. आखात मात्र तापायला लागलेलं असतं. या दोघांची गाठ पडते ती मिसिसिपी, अलाबामा, अर्कान्सा, टेनेसी या दक्षिणेच्या राज्यांत. मे उजाडला की पट्टा ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मोकळ्या माळावर सरकतो. तिथे टॉर्नेडो दहा-वीस किलोमीटरवरून दिसतो, तोही बहुधा दिवसाउजेडी. दक्षिणेत झाडी दाट, टेकड्या, ढग खाली आलेले, पावसाच्या पडद्यात सोंड लपलेली. वरचा वारा जोरात असल्यामुळे ढगही वेगाने पळतात. आणि पुष्कळदा हे सगळं अंधारात होतं.

रोलिंग फोर्क, २४ मार्च २०२३

मिसिसिपी राज्यातलं रोलिंग फोर्क हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. आजूबाजूला सपाट काळी जमीन. कापूस, सोयाबीन, मका. प्रसिद्ध ब्लूज गायक मडी वॉटर्स आपलं जन्मगाव हेच सांगत. शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास इथे टॉर्नेडो शिरला. वाऱ्याचा वेग ताशी ३१४ किलोमीटरपर्यंत होता, असा अंदाज नंतर काढला गेला. तो जमिनीवर ७१ मिनिटं टिकला, सुमारे ९५ किलोमीटर चालला आणि त्याने १७ जणांचा जीव घेतला. गावातली पाण्याची टाकी कोसळली, दुकानांची रांग भुईसपाट झाली.

इशारा दिलाच नव्हता, असं नाही. इशारा आधी निघाला होता आणि हवामान खात्याने सर्वांत वरच्या पातळीची 'टॉर्नेडो इमर्जन्सी' जाहीर केली होती. पण इशारा ऐकल्यावर जायचं कुठे? गावातली बरीच कुटुंबं 'मोबाइल होम'मध्ये राहत होती. कारखान्यात तयार करून ट्रकने आणून ठेवलेली ही घरं स्वस्त पडतात, म्हणून गरीब माणसाला तीच परवडतात. खाली पाया असा नसतोच, नुसते पट्टे आणि खिळे. जोराचा वारा आला की घर उचलून आपटलं जातं.

त्याच गावात एका छोट्या हॉटेलात मालकीण, कामगार आणि गिऱ्हाइकं माल ठेवायच्या शीतखोलीत कोंबून उभी राहिली. हॉटेलचं पार भुस्कट झालं, ती खोली तेवढी राहिली. आतले सगळे वाचले. गाव एक, वादळ एक, पण भिंती वेगळ्या.

अमेरिकेतल्या एकूण घरांत मोबाइल होमचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. टॉर्नेडोत घरात दगावणाऱ्यांपैकी मात्र निम्म्याच्या आसपास लोक अशा घरांतले असतात. ३ मार्च २०१९ रोजी अलाबामातल्या ब्यूरेगार्डला २३ जण गेले, तेव्हा भरदुपार होती; तरी मृतांपैकी बहुतेक मोबाइल होममध्येच सापडले. अशा घरात राहणाऱ्याला तिथल्या यंत्रणेचा सल्ला एकच असतो: वादळ येण्याच्या कितीतरी आधी घर सोडा. रात्री हा सल्ला पाळणं किती अवघड आहे, हे सांगायला नको.

अंधाराचा हिशेब तर आकड्यांत मांडलेला आहे. १९५० ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा रात्रीचे टॉर्नेडो एकूण संख्येच्या २७ टक्के आणि त्यांतले मृत्यू मात्र ३९ टक्के निघाले. ३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीत हेच झालं. नॅशविलला झोडपून ढग पूर्वेकडे गेला आणि पहाटे दोनच्या आधी कुकव्हिल परिसरातल्या वस्तीवर नवा टॉर्नेडो पडला. तिथे १९ जण गेले. लोक गाढ झोपेत होते; मोबाइल वाजेपर्यंत आणि उठून खाली जाईपर्यंत वेळ निघून गेली होती.

'टॉर्नेडो' म्हणायलाच बंदी होती

आज निदान इशारा तरी मिळतो. शंभर वर्षांपूर्वी तोही नव्हता, आणि याचं कारण ऐकलं तर आश्चर्य वाटेल. लोक घाबरतील म्हणून अमेरिकेच्या हवामान खात्याने १८८० च्या दशकापासून अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्द वापरणंच बंद केलं होतं. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टॉर्नेडो साडेतीन तास गेला. सुमारे ३५० किलोमीटरच्या वाटेवर ६९५ माणसं मारली गेली. अमेरिकेच्या इतिहासात एका टॉर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी. लोकांना धोका समजला तो तो अंगावर आल्यावरच.

चित्र पालटलं तेही मार्चमध्येच. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आला आणि विमानांचं मोठं नुकसान झालं. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना कारणं शोधायला सांगितलं गेलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, आकाशाची लक्षणं अगदी तशीच दिसली. एकाच जागी पुन्हा टॉर्नेडो येण्याची शक्यता नगण्य, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी अंदाज दिला, विमानं आडोशाला नेली, आणि त्या संध्याकाळी खरोखरच टॉर्नेडो तळावर आला. मालमत्तेची हानी झाली, पण माणसं वाचली. यशस्वी टॉर्नेडो अंदाजाची सुरुवात इथून मानतात.

आता तिथे दोन प्रकारची सूचना असते. 'वॉच' म्हणजे वातावरण तयार आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलंय, लगेच आडोशाला जा. वॉर्निंगनंतर हाती वेळ मिळतो सरासरी दहा मिनिटांच्या आसपास. शिवाय दहापैकी सात वेळा इशारा देऊनही टॉर्नेडो होत नाही. मग लोक म्हणतात, मागच्या वेळी तरी कुठे काय झालं? ही बेफिकिरी ही तिथल्या हवामान खात्याची मोठी डोकेदुखी आहे, आणि त्यात लोकांना पूर्ण दोष देता येत नाही.

आदल्या दिवसाचा अंदाज मात्र खूप सुधारला आहे. रोलिंग फोर्कनंतर बरोबर आठवड्याने, ३१ मार्च २०२३ ला, १४० च्या आसपास टॉर्नेडोंची लाट आली. त्या दिवशी 'हाय रिस्क' हा सर्वांत गंभीर इशारा आधीच दिला होता. अर्कान्सातल्या विन गावात हायस्कूलची इमारत मोडून पडली. पण शाळा लवकर सोडून दिल्यामुळे वर्ग रिकामे होते.

वेग मोजत नाहीत, पंचनामा करतात

टॉर्नेडोची 'ईएफ-०' ते 'ईएफ-५' ही श्रेणी वादळ चालू असताना ठरत नाही. वारा मोजायचं यंत्र सोंडेत टिकणं कठीण, म्हणून दुसऱ्या दिवशी पथकं ढिगाऱ्यांतून हिंडतात. छप्पर गेलं की भिंतीही गेल्या, घर पायाला बोल्टने बांधलेलं होतं का, झाडाची साल सोलली गेली का, हे बघून वेगाचा अंदाज काढतात. आपल्याकडे गारपिटीनंतर तलाठी करतात त्या पंचनाम्यासारखंच, फक्त इथे नुकसानावरून वारा ठरतो. यामुळे एक गंमत होते. उघड्या रानातून गेलेल्या राक्षसी टॉर्नेडोला मोडायला काहीच मिळालं नाही, तर त्याला खालची श्रेणी मिळू शकते.

हवामान बदलामुळे टॉर्नेडोंची एकूण संख्या वाढली, असं ठामपणे म्हणता येत नाही. मात्र गेल्या काही दशकांत त्यांचा पट्टा माळावरून पूर्वेकडे सरकताना दिसतो; म्हणजे जिथे झाडी, रात्रीची वादळं आणि मोबाइल होम जास्त, त्याच बाजूला.

भारतातही टॉर्नेडो होतात, बहुतेक बंगाल, ओडिशाच्या बाजूला, तेही मार्च-एप्रिलमध्येच. ३१ मार्च २०२४ च्या दुपारी पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडी भागावर काही मिनिटांचं असं वादळ आलं. शंभरहून अधिक लोक जखमी झाले, काहींचा जीव गेला. पडली ती मुख्यतः पत्र्याची आणि बांबूची घरं. भारतीय हवामान विभाग वीज, गारा आणि वादळी पावसाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो, जिल्हावार. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले होते आणि अनेकांनी घाबरून फोन बंद केले होते. ती अशा इशाऱ्यांचीच चाचणी होती. अमेरिकेत याच प्रकारचा संदेश २०१२ पासून त्या-त्या भागातल्या मोबाइलवर जातो, रात्री दोन वाजतासुद्धा.