नापासांची चाळीस वर्षं

दहावीचा निकाल लागला की वर्गातली काही मुलं दिसेनाशी व्हायची. 1990च्या दशकात शिरूर तालुक्यात शिकवत होतो, तेव्हा दर जूनमध्ये हेच बघायचो. कोणी वीटभट्टीवर, कोणी ठेकेदाराच्या हाताखाली, कोणी दिवसभर पारावर. गणित-इंग्रजीत गेलेलं पोर गावाच्या लेखी सगळ्यातच गेलेलं असायचं.

त्याच तालुक्यात पाबळ आहे, मस्तानीच्या समाधीचं गाव. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी सोडून डॉ. कलबाग तिथे आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पावसाने कायम ओढ दिलेल्या त्या माळावर त्यांनी शाळेतून गळालेली मुलं गोळा केली. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम ठेवला. त्यात शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग होते आणि प्रत्येकाने चारही विभागांतून जायचं होतं. मुलगी आहे म्हणून वेल्डिंग चुकायचं नाही, मुलगा आहे म्हणून स्वयंपाकघर सुटायचं नाही. आणि काम खरं हवं. गावातल्या माणसाला हवी असलेली वस्तू करायची, ती त्याच्या पसंतीला उतरवायची आणि पैसे घ्यायचे. त्या मुलांना परीक्षेत पस्तीस मार्क मिळाले नव्हते, पण आता गिऱ्हाईक त्यांच्या कामाचे पैसे मोजत होतं. माझ्या मते सगळ्या शिक्षणाची मेख इथेच होती.

माझा एक विद्यार्थी दहावीला दोनदा गेला. बापाच्या हातापाया पडून मी त्याला पाबळला धाडलं. काही महिन्यांनी भेटायला गेलो तेव्हा तो खिडकीची ग्रिल करत होता. सुरुवातीला म्हणे रॉड सारखा चिकटायचा, आता टाका सरळ येत होता. चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारून त्याने काम थांबवलं आणि टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. दोन सुतांचा फरक निघाला. "सर, फ्रेम गुण्यात नाही," म्हणाला, हातोडीने एक कोपरा ठोकला, पुन्हा मोजलं. कर्ण सारखे आले तेव्हाच पक्कं वेल्डिंग केलं. आयताचे कर्ण समान असतात, हे मी त्याला फळ्यावर कितीदा शिकवलं असेल! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

पुढे कलबागांचा हाताने करत शिकण्याचा हाच विचार 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने शाळांत गेला, आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामासाठी. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली, जगातल्या सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांपैकी एक. 2003मध्ये कलबाग गेले. आश्रम चालू राहिला.

मग सरकारलाही 'कौशल्य' हा शब्द आवडू लागला. 15 जुलै 2015ला स्किल इंडियाची घोषणा झाली. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत मुख्य भर थोड्या महिन्यांच्या, काही वेळा आठवड्यांच्या वर्गांवर होता. मला त्यातली घाई खुपते. किती जणांना प्रमाणपत्र दिलं याचा हिशेब सोपा असतो, पण तीन वर्षांनी त्यातला कोण कामावर टिकला हे विचारायला त्या गावात परत जावं लागतं. चौकट गुण्यात आहे की नाही हे जसं मोजावं लागतं, तसंच हे.

त्याच सुमारास महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' शब्द काढून तिथे 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. हेतू चांगला होता, मुलांच्या मनावरचा डाग पुसायचा होता. पण गावाने अर्थ लगेच ओळखला. पहिला आलेला कधी कौशल्य विकासास पात्र ठरत नाही. म्हणजे कौशल्य हे नापासाचं नवं नाव. कलबागांची सगळी खटपट नेमकी याच्या उलट होती. हाताने करताना डोकं चालतं आणि ते हुशार मुलांनाही तितकंच हवं, असं ते मानत. म्हणून तर त्यांनी तो विषय शाळेत नेला.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं आता स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शेड, गेट, जनावरांच्या गव्हाणी अशी कामं चालू असतात. हाताखाली दोन पोरं आहेत, दोघंही दहावीला गेलेली. 2024च्या पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा त्यांतला एक मोबाइलवर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची माहिती वाचत होता. सहा महिने काम शिकायचं आणि बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. त्याने खालपर्यंत सरकवून पाहिलं. बारावीच्या खाली रकानाच नव्हता.

"सर, आमचं यात कुठं?" त्याने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. मालकाने आतून हाक मारली, गेटची चौकट जुळवून ठेवली होती. पोराने मोबाइल खिशात टाकला, टेप घेतला आणि कर्ण मोजायला वाकला.