कंस, वर्तुळ आणि ऐंशी घरांची ओळ

हाताने लिहिलेला जुना सातबारा वाचायचा, तर अक्षरांइतक्याच त्यावरच्या खुणाही वाचाव्या लागतात. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही सजाचा संगणकाच्या आधीचा उतारा घ्या. एका बाजूला क्षेत्र, पोटखराबा, आकार. मध्ये भोगवटादारांची नावे. उजवीकडे कुळाचे नाव आणि इतर अधिकार. नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असतो. खातेदार वारला की त्याच्या नावाला कंस होतो आणि खाली वारसांची नावे चढतात. वर्तुळातला क्रमांक धरून गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही उघडली, की हा बदल वारसाने झाला, खरेदीने झाला की वाटपाने, ते कळते. सोसायटीचे कर्ज काढले की इतर अधिकारात बोजा चढतो, फिटले की त्यालाही कंस. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चा शेरा असतो, आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या या दोन तालुक्यांत तो शेरा नजरेआड झाला तर हस्तांतरणावरचे बंधनच नजरेआड होते. समृद्धी महामार्ग शहापूरमधून गेला तेव्हा मोबदल्याच्या हिशेबाला पहिला कागद सातबाराच लागला. म्हणजे कंस आणि वर्तुळ ही इथे सजावट नाही. जमीन आज कुणाची आहे, हे त्याच खुणा सांगतात.

हा कागद संगणकाच्या पडद्यावर आणताना खरा प्रश्न उभा राहतो. पूर्ण पानासाठी रचलेला मजकूर फक्त अक्षरे दाखवणाऱ्या, ठरावीक घरांच्या पडद्यावर दाखवायचा तर खुणांचे काय करायचे? माझे म्हणणे असे, की खुणेचे रूप साठवू नये, खुणेचा अर्थ साठवावा. रूप ज्या त्या साधनाने आपल्या ऐपतीप्रमाणे काढावे. हे तत्त्व नवे नाही. त्याचा सर्वांत टिकाऊ दाखला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला, आणि तोही कचेरीतल्या कागदपत्रांच्याच निमित्ताने.

१९७१ मध्ये युनिक्स ही प्रणाली अगदी बाल्यावस्थेत होती. तिचे पहिले बाहेरचे गिऱ्हाईक म्हणजे बेल लॅब्जचा पेटंट विभाग. पेटंटचे अर्ज ठरावीक नमुन्यात, ओळींना क्रमांक देऊन टंकलिखित करावे लागत, आणि रॉफ नावाचा मांडणीचा प्रोग्राम ते करून देत असे. त्याचा पूर्वज होता जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये लिहिलेला रनऑफ. पुढे जो ओसाना यांनी एनरॉफ लिहिला, तो टंकयंत्रासारख्या टर्मिनलांसाठी. आणि १९७३ मध्ये ट्रॉफ, तो सी/ए/टी या फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे छापखान्याच्या दर्जाच्या पानासाठी. मोलाची गोष्ट ही, की दोघांना चालणारी मूळ फाइल एकच असू शके. लेखक ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन आज्ञा लिहितो: इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे तक्ता. छापखान्याचे यंत्र मथळ्याला जाड टाइप वापरते. टर्मिनलकडे जाड टाइप नसतो, म्हणून ते अक्षर छापून, एक घर मागे येऊन, तेच अक्षर पुन्हा छापते. अधोरेखित करायचे असेल तर आधी आडवी रेघ, मग एक घर मागे, मग अक्षर. कागदावर ही युक्ती चालली. काचेच्या पडद्यावर मात्र एका घरात एकच अक्षर राहते, दुसरे आले की पहिले जाते. म्हणून पडद्यावर मजकूर दाखवणारे प्रोग्राम हा मागे-पुढे होणारा संकेत ओळखून त्या जागी ठळक अक्षर किंवा अधोरेखा दाखवू लागले. आजही लिनक्सवर माहितीपुस्तिकेचे पान उघडले की जेम्स क्लार्क यांनी नव्याने लिहिलेला ग्रॉफ किंवा त्याच्या जातकुळीतला एखादा प्रोग्राम हेच काम करत असतो.

तरी या घराण्यालाही एक धडा उशिरा मिळाला. जुन्या पुस्तिकांत लेखक म्हणे, हा शब्द ठळक कर. १९९० च्या सुमारास बर्कलीमध्ये सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी एमडॉक नावाच्या आज्ञा रचल्या, त्यांत लेखक म्हणतो, हा शब्द म्हणजे पर्याय आहे, हा म्हणजे फाइलीचे नाव आहे. ठळक करायचे की नाही ते यंत्र ठरवते. फरक बारीक वाटतो, पण त्यामुळेच हजारो पानांतून अमुक पर्याय कुठे आला हे शोधता येते. फक्त ठळक म्हटलेल्या शब्दाचा शोध घेऊन काहीच कळत नाही, कारण ठळक शब्द शंभर कारणांनी ठळक असतात. सातबाऱ्यावरच्या कंसाला हेच तंतोतंत लागू आहे.

देवनागरीच्या वाट्याला यात आणखी एक अडचण आली. टर्मिनलची ओळ ऐंशी घरांची, आणि इंग्रजीत एक अक्षर एक घर हा हिशेब सरळ. आता ‘शहापूर’ घ्या. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे सहा, यूटीएफ-८ मध्ये बाइट अठरा, वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षरे चार. रुंदी मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत ह्रस्व-दीर्घ उकाराला वेगळे घर मिळत नाही पण काना स्वतःचे घर घेतो, म्हणून घरे पाच. त्याच तालुक्यातले ‘किन्हवली’ही चार अक्षरांचेच, पण चिन्हे आठ, बाइट चोवीस, घरे सात. ‘क्षेत्र’ या शब्दाची चिन्हे सात, घरे चार आणि अक्षरे अवघी दोन. तक्त्याचा रकाना बाइट मोजून आखला तर एक उभी रेघ मिळते, चिन्हे मोजून दुसरी, घरे मोजून तिसरी. गावाचे नाव बदलले की पुढचा आकडा सरकतो. हेक्टर, आर, चौरस मीटरचा रकाना सरकला, की ०.४०.०० हे क्षेत्र कुणाच्या नावासमोर आहे याचा घोळ व्हायला वेळ लागत नाही.

या अडचणीला भिडण्याचे मोठे काम आपल्याकडेच झाले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्र मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. जिस्ट कार्ड साध्या पीसीत बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम मराठी दाखवू लागत, आणि बहुवापरकर्ता यंत्रांसाठी जिस्ट टर्मिनलही निघाले. त्यामागची कल्पना साधी आणि खोल होती. संगणकाने अक्षरांचे उच्चारक्रमातले संकेत साठवायचे, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढायची की जोडाक्षर कसे घडवायचे ते दाखवणाऱ्या साधनाने पाहायचे. हेच संकेत इस्की म्हणून १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ झाले, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच पायावर उभी राहिली. एनरॉफने मथळ्याबाबत जे केले ते जिस्टने वेलांटीबाबत केले.

जमिनीच्या दप्तराचा संगणकाशी संबंधही त्याच काळातला. भूमी अभिलेख संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली, महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. पुढे ती सगळीकडे पोहोचली, पण हस्तलिखित सातबारा आणि संगणकीय सातबारा जुळत नाहीत ही तक्रार राहिली. त्यावर २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली: उतारे गावासमोर वाचायचे, चुका नोंदवायच्या, दुरुस्त करायच्या. या मोहिमेचे मला फार मोल वाटते. मोठ्याने वाचलेल्या उताऱ्याला रकाने नसतात, वर्तुळ नसते, कंसही नसतो. वाचणाऱ्याला “हे नाव कमी झालेले, अमुक फेरफाराने” असे म्हणावेच लागते. मांडणीची याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्यानंतर काही वर्षांत नमुनाही बदलला. गावाचा कोड आला, खाते क्रमांक नावासमोर आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक आला, आणि मयत खातेदार, फिटलेले बोजे यांना कंस करण्याऐवजी त्यांवर आडवी रेष मारून ते खोडलेले दाखवण्याचे ठरले.

आडवी रेष कंसापेक्षा स्पष्ट आहे, यात शंका नाही. पण तीही रूपच आहे. उताऱ्यातला मजकूर उचलून कुणी संदेशात चिकटवला तर रेष गळून पडते, आणि खोडलेले नाव जिवंत होते. कंस निदान मजकुराबरोबर प्रवास करत असे. म्हणून कंस बरा की रेष बरी हा वाद दुय्यम ठरतो. ‘कमी झालेले नाव’ ही स्थिती नावासोबत शब्दांत जाते की नाही, हे आधी पाहायला हवे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: आता पडद्यावर हवे ते चित्र उमटते, पीडीएफ आहे, मग ऐंशी घरांच्या टर्मिनलची चर्चा कशाला? उत्तर असे, की या तालुक्यांत सातबारा आता बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिला जातो, आणि उभ्या धरलेल्या मोबाइलची ओळ ऐंशी घरांपेक्षाही आखूड आहे. ए-४ पानाचा पीडीएफ बोटांनी मोठा केला की नाव दिसते आणि रकान्याचा मथळा पडद्याबाहेर जातो. ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आडवी रेष सहसा वाचत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे नमुना १२ मधली भाताची, नागलीची नोंद शेतकरीच मोबाइलवरून भरतो. ज्या साधनावर नोंद लिहिली जाते त्या साधनावर ती नीट वाचताही आली पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सातबारा हा पुरावा आहे, तो जसा होता तसाच दिसला पाहिजे; खुणांचे शब्द केले तर मूळ कागदाशी नाते तुटेल. जुन्या अभिलेखांपुरते हे पूर्ण खरे आहे, आणि म्हणूनच त्यांच्या स्कॅन प्रती हव्यातच. तलाठ्याचे हस्ताक्षर, शाई, खाडाखोड हे सगळे त्या प्रतिमेत टिकते. पण चालू अभिलेखाचे तसे नाही. आज फेरफार ई-फेरफार प्रणालीत नोंदवला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो. कोणते नाव कमी झाले, कोणत्या क्रमांकाने, कोणत्या दिवशी, हे प्रमाणित होण्याच्या क्षणी यंत्राला ठाऊकच असते. ते शब्दांत छापायला तलाठ्याचे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचे, काम एका ओळीनेही वाढत नाही.

तेव्हा महसूल विभागाला मागणी एवढीच, की स्वाक्षरीच्या पीडीएफसोबत त्याच उताऱ्याची साध्या मजकुराची प्रतही द्यावी. तिच्यात रकाने नसावेत, प्रत्येक ओळ स्वतःचे नाव सांगणारी असावी: भोगवटादार, चालू; भोगवटादार, कमी, फेरफार क्रमांक अमुक; बोजा, फिटला; कलम ३६-अ, लागू. हा मजकूर कुठल्याही मोबाइलवर उघडेल, कमी नेटवर्कवर उतरेल आणि चावडीवर जसाच्या तसा वाचता येईल. ती सोय होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे: जुन्या नमुन्याच्या उताऱ्यात कंसातले नाव आजचा खातेदार समजू नये, कुणी नुसता मजकूर पाठवला तर त्यावर व्यवहार करू नये, आणि नव्या उताऱ्यात सर्वांत आधी शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक पाहावा.